पाळीची फळी

माझ्या धाकट्या लेकीचं, फेतसामोनचं लग्न झालं ते वर्ष २००९. नवरानवरीच्या मनगटाला पांढरे दोरे बांधायला आमच्या गल्लीतली अकराच्या अकरा घरं आली होती. बसायला चटया पुरेनात. जेवणं झाली, दोरे बांधून झाले, आणि मग आठ घरांनी आपापल्या मोटरसायकली सुरू केल्या आणि ती विमानतळाच्या पलीकडे निघून गेली. गल्लीतली जुनी घरं पाहुण्यांच्या धंद्याला भाड्यानं देऊन त्यांनी तिथं नवी घरं बांधली होती. गल्लीत उरलो आम्ही तिघं. मी, समोरची बुनथानताई आणि कोपऱ्यावरचा थित सिंग.

मोटरसायकलींचा आवाज बंद झाल्यावर बुनथानताई उष्टी पानं गोळा करत म्हणाली, "बघ चान, पाहुणे आले आणि पाहुणे गेले."

मी म्हटलं, "पाहुणे कुठले, गल्लीचीच माणसं की."

"गल्लीची माणसं गल्लीत झोपतात," ती म्हणाली.

आमच्या गल्लीच्या टोकाला लहानसा विहार आहे. तेव्हा तिथं मोठे भन्ते आणि आठ श्रामणेर, म्हणजे शिकाऊ पोरं-भिक्खू होते, एकूण नऊ तोंडं. पहाटे ते भिक्षेला निघतात तेव्हा पात्रात फक्त चिकट भात पडतो. आमच्या लुआंग प्राबांग गावात रीतच तशी आहे. भातासोबत लागणारं कालवण, ठेचा, भाजी हे साडेदहाला विहारात नेऊन द्यायचं असतं. विहारातला लाकडी ठोकळा वाजला की निघायचं. बाराच्या आत भिक्खूंचं जेवण उरकलं पाहिजे, बारानंतर त्यांना घास चालत नाही. हे कालवण कुणी न्यायचं याची आमच्या गल्लीत पाळी असायची. त्यासाठी एक सागाची फळी होती. हातभर लांब, एका टोकाला भोक, भोकात सुतळी. ज्याच्या दाराला फळी, त्याची उद्याची पाळी. आपलं कालवण देऊन झालं की संध्याकाळी फळी पुढच्या दाराला अडकवायची. कुणाला हाक मारायची नाही, सांगायचं नाही. फळी कुणी घडवली ते माझ्या सासूलाही ठाऊक नव्हतं. हातांनी घासून घासून तिच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गोल झाल्या होत्या.

अकरा घरं होती तेव्हा माझी पाळी अकराव्या दिवशी यायची. आता फळी माझ्याकडून बुनथानताईकडे, तिच्याकडून थित सिंगकडे, आणि लगेच परत माझ्याकडे. दर तिसऱ्या दिवशी नऊ जणांचं कालवण. मी त्रेसष्ट वर्षांची होते, बुनथानताई एकोणऐंशीची. तिला डोळ्यांनी कमी दिसायचं आणि मीठ दोनदा पडायचं. तिच्या पाळीच्या दिवशी श्रामणेर पाणी फार पितात असं थित सिंग म्हणायचा.

थित सिंग तरुणपणी सतरा वर्षं भिक्खूच्या चीवरात होता. चीवर उतरवून घरी आलेल्या माणसाला आम्ही थित म्हणतो. "मला वाटलं होतं, आता बायको रांधून घालेल," तो सांगायचा. "बायको गेली आधी, आणि मी परत भन्तेंच्याच स्वयंपाकात. नशीब कसं, चान, बाहेर पडलो आणि चुलीच्या दारानं आत आलो." भाजलेल्या वांग्याचा ठेचा तो असा करायचा की मोठे भन्ते बोटं चाटायचे, आणि मग आजूबाजूला बघायचे, कुणी पाहिलं की काय.

माझ्या शेजारचं घर वानथोंगचं होतं. चाळीस वर्षं मी फळी तिच्या दाराला लावली. तिच्या घराचं आता पाहुण्यांना खोल्या भाड्यानं देणारं अतिथिगृह झालं होतं. ते चालवणारा आनूसित राजधानीचा, व्हिएनतियानचा, पस्तिशीचा, नम्र माणूस. भेटला की दोन्ही हात जोडायचा आणि माझ्या पायरीवर उभा राहून कौलांकडे बघायचा. माझी कौलं गळत होती. पत्रा घालायला परवानगी नव्हती, कारण आमच्या भागातली घरं जुनी दिसली पाहिजेत असा नियम आहे. कौलं तशीच, तशाच मातीची हवीत. ती घालायची माझी ऐपत नव्हती. पाऊस आला की मी भांडी मांडत घरभर फिरायची.

माझा थोरला मुलगा सोमफू दर रविवारी यायचा आणि तीच ती भांडी बघायचा.

"आई, आनूसितदादा हे घर पंधरा वर्षांसाठी भाड्यानं घ्यायला तयार आहेत. कौलं ते घालतील. दोन्ही घरं आतून जोडतील. तू आमच्याकडे ये. नळाला पाणी आहे, पंखा आहे, नातवंडं आहेत."

"आणि फळी?"

"फळीचं काय?"

"माझ्या दाराला येते ती."

सोमफू हसला. "आई, लाकडाचा तुकडा आहे तो."

 तो गेला की मला घरात बसवेना. अंगण झाडून झालेलं असायचं, मी परत झाडायची. बाजारात जायची आणि काय आणायचं होतं ते विसरून तशीच परत यायची. पहाटे भिक्षेच्या वेळी माझी नेहमीची जागा, फुटपाथवरच्या आंब्याखालची, अनोळखी लोकांनी धरलेली असायची. छोट्या स्टुलावर बसलेले, गळ्यात भाड्याचं रेशमी उपरणं, हातात विकतचा भात. भात विकणाऱ्या बायका त्यांना ढकलून ओळीत बसवायच्या. एकदा एक पोरगी माझ्या तोंडासमोर कॅमेरा धरून गुडघ्यावर बसली. भन्ते समोर आले तरी ती माझाच फोटो काढत होती. मी भाताचा गोळा तिच्याच हातावर ठेवला. तिनं तो खाल्ला आणि हसली. मलाही हसू आलं. राग यायला हवा होता, तो आला नाही, यानंच मला दिवसभर काही सुचेना.

वानथोंग मला बाजारात भेटली. अंगानं भरलेली, नखं रंगवलेली.

"काय ग, शेजारीण! तुझ्याकडे आता वारा येतो म्हणे," मी म्हटलं.

"वारा येतो, मुंग्या येत नाहीत. तू काय धरून बसलीस ते घर? वाळवी पोसतेस." मग ती जवळ आली. "मागच्या महिन्यात गेले होते ग मी माझ्या घरी. आनूसितनं दाखवलं. सासू ज्या खोलीत खोकत असायची ना, तिथं अंघोळीचं टाकं आहे. पांढरं, नावेएवढं. इतकं सुंदर झालंय घर, माझे पाय पुसून पुसून मी आत गेले. माझ्याच घरात."

"मग वाईट वाटलं?"

"कशाला? माझ्या सासूनं त्या घरात मला वीस वर्षं रडवलं. आता तिथं दुसरं कुणीतरी पैसे देऊन झोपतं. बरं झालं." ती हसली. जाताना मात्र तिनं विचारलं, "फळी कुठवर आलीय ग?"

गल्लीतली हकिकत मोठ्या भन्तेंनाही माहीत होती. त्यांनीच मला एकोणपन्नासाव्या वर्षी विहाराच्या ओट्यावर अक्षरं शिकवली होती, सात-आठ वर्षांच्या श्रामणेरांच्या रांगेत बसवून. ते माझ्याशी सरळ बोलायचे. ते म्हणाले, "चान, तीन घरं आहेत तोवर कसंतरी चालतंय. दोन उरली तर पोरांना मी खान नदीपलीकडच्या विहारात पाठवीन. तिथं वस्ती आहे. भुकेल्या पोरांना मला शिकवता येत नाही."

"भन्ते, मी घर देऊ की नको?"

"ते मी कसं सांगू? कौलं तुझ्या डोक्यावर गळतात."

त्यांनी नको म्हटलं असतं तर मी रागावले असते. हो म्हटलं असतं तरी रागावले असते. तसं काहीच झालं नाही, आणि मी ओट्यावरून उठून तीनदा माघारी फिरले, छत्री विसरले म्हणून, चपला विसरले म्हणून, आणि एकदा उगाचच.

नोव्हेंबरमध्ये मी सोमफूला हो म्हटलं. बुनथानताईला सांगितलं नाही. रोज ठरवायची, आज सांगू. ती समोरच्या पायरीवर शेंगा सोलत बसलेली असायची, मी जाऊन तिच्या शेजारी बसायची आणि तिच्या शेंगा सोलून द्यायची.

"तुला काय झालंय ग?" ती विचारायची. "सोललेल्या शेंगा परत टोपलीत टाकतेस."

"डोळे," मी म्हणायची.

"डोळे माझे गेलेत, तुझे नाहीत."

सहीला दहा दिवस उरले होते. माझी पाळी होती. मी मासा घालून कालवण केलं, नदीचं वाळवलेलं शेवाळ तीळ लावून तळलं, विहारात देऊन आले. दुपारभर कपाटं उपसली, काय न्यायचं, काय टाकायचं. सासूची भाताची टोपली हातात घेतली, ठेवली, परत घेतली. उन्हं उतरल्यावर फळी घेऊन बाहेर पडले. डोक्यात ते कपाटच होतं. फळी लावली आणि आत आले.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला विहारातला ठोकळा वाजला. मी दारात बसले होते. बुनथानताई थाळा घेऊन निघेल म्हणून बघत होते. तीही तिच्या दारात बसली होती, हातावर हात ठेवून.

"ताई, निघत नाहीस?"

"मी कशाला निघू? फळी आलीच नाही काल. म्हटलं तुझ्या लेकीच्या लग्नाची पुण्याई म्हणून तू दोन दिवस सलग करतेयस."

मी उभी राहिले. तोवर थित सिंग कोपऱ्यावरून आला, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. "काय झालं? आज पोरांनी नुसता भात खायचाय का?"

"तूच नेलीस फळी," बुनथानताई म्हणाली. "तुला हल्ली काही आठवत नाही. परवा तू माझ्या घरी येऊन तुझा चष्मा मागत होतास आणि तो तुझ्या नाकावर होता."

"अहो ताई, फळी चान तुमच्याकडे लावते. माझ्याकडे तुम्ही लावता. माझा काय संबंध?"

"मग फळी चालत गेली?"

"चालत गेली असेल, तुमच्या मिठाला घाबरून."

"माझं मीठ काढतोस? तू, ज्याचा ठेचा खाऊन श्रामणेर रात्रभर—"

दोघं गल्लीच्या मध्ये उभी राहून भांडत होती आणि मला तेव्हा कळलं. माझ्या पायांनी फळी वानथोंगच्या दाराला नेली होती. चाळीस वर्षं तीच वाट होती त्यांची, डावीकडे सात पावलं. मला तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. मी नाही उघडलं. कारण का गेले पाय तिकडे, हे बुनथानताईनं विचारलं असतं, आणि मग सहीचं सांगावं लागलं असतं. मी थित सिंगवर आळ येऊ दिला.

"ते नंतर बघू," मी म्हटलं. "अकरा वाजत आले. ज्याच्या घरी जे आहे ते आणा."

आम्ही तिघं धावलो. सत्तरीतला माणूस आणि दोन म्हाताऱ्या, धावलो म्हणजे काय ते तुम्ही समजून घ्या. माझ्याकडे आंबवलेल्या माशाची चटणी आणि केळी होती. थित सिंगनं उकडलेली अंडी आणली. बुनथानताईनं काल उरलेलं भोपळ्याचं कालवण आणलं आणि त्यातलं अर्धं वाटेत सांडलं. ती सांडलेल्याकडे बघत उभी राहिली. मी तिला धरून पुढे नेलं. श्रामणेर भातासमोर बसून वाट बघत होते, त्यातला सगळ्यात लहान अकरा वर्षांचा होता. बाराला पाच कमी असताना शेवटचा घास गेला. मोठे भन्ते आमच्यावर रागावले नाहीत. त्यांनी तिघांनाही नेहमीचा आशीर्वाद दिला आणि बुनथानताईच्या ओल्या पदराकडे बघून आपल्या हातानं पाण्याचा तांब्या पुढे केला.

परत येताना थित सिंग माझ्या बाजूला आला. "खरंच मी नेली असेन का ग फळी?" त्यानं हळूच मला विचारलं. "माझ्या घरात एकदा बघतेस का?"

तेव्हाही मी बोलले नाही. त्याच्या घरात जाऊन खाटेखाली बघितलं. त्याच्यासोबत.

दुपारी मी आनूसितकडे गेले. फळी टेबलामागच्या भिंतीवर होती. तिच्यावर पिवळा दिवा सोडला होता आणि शेजारी चाफ्याची फुलं. इतकी वर्षं ती माझ्या हातात होती, पण दिव्याखाली तिच्या लाकडातल्या रेषा मी पहिल्यांदा बघितल्या. सुंदर होती.

"मावशी!" आनूसित उठून उभा राहिला. "काल दाराला होती. मला वाटलं, गल्लीनं भेट दिली. खूप जुनी आहे ना? पाहुणे सकाळपासून फोटो काढतायत."

"ती भेट नाही, बाळा. ती लागली की दुसऱ्या दिवशी नऊ भिक्खूंचं कालवण करायचं असतं."

त्याचा चेहरा उतरला. "म्हणजे आज... आज ते उपाशी राहिले?"

"राहिले नाहीत. पण माझी चूक होती, तुझी नाही. दे ती मला."

त्यानं फळी उतरवली, पण लगेच दिली नाही. हातात धरून उभा राहिला. "मावशी, सकाळी सहापासून माझा स्वयंपाकी न्याहारी करतो. नऊ ताटं मला जड नाहीत. घराला पाळी होती ना? मग ती घराची. माझ्याकडेही लावा."

 मला हलकं वाटायला हवं होतं. तीन घरांची चार झाली होती, मी गेले तरी तीन उरणार होती. आता मी जाऊ शकत होते. आणि तेवढ्यानंच मला वाटलं, कुणीतरी माझी खुर्ची मी उठायच्या आतच नेली.

मी फळी घेऊन थेट बुनथानताईकडे गेले. थित सिंग तिथंच होता. मी दोघांना सगळं सांगितलं. आधी थित सिंगकडे बघून सांगितलं.

 तो म्हणाला, "म्हणजे माझं डोकं ठीक आहे?" आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बुनथानताईनं वेगळंच विचारलं. "सही कधी आहे?"

"ताई, तुला कुणी—"

"कुणी सांगायला हवं? तू माझ्या शेंगा महिनाभर सोलतेयस. सही कधी आहे?"

"नऊ दिवसांनी."

"बरं. जा तू. विमानतळाला जा. तिथं विमानांना कालवण घाल. मोठी पोटं असतात त्यांची." तिनं फळी माझ्या हातातून ओढून घेतली आणि आपल्या दाराला लावली. "उद्या माझी पाळी. आणि थित सिंग, तुझ्या मिठाच्या गोष्टी आता वानथोंगच्या घरातल्या त्या पांढऱ्या टाक्यात बसून सांग."

त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलेनाशी झाली.

सहीच्या दिवशी आनूसितनं छापलेला कागद आणला. सोमफू आणि वस्तीचे प्रमुख बसले होते. मी कागद स्वतः वाचला, बोट ठेवून, एक एक ओळ. त्यांना वाट बघावी लागली. खाली थोडी जागा होती. मी पेन घेतलं आणि माझ्या हातानं लिहिलं: या घरात जो राहील त्याच्या दाराला फळी आली तर त्यानं कालवण करावं. ते जमलं नाही तर त्यानं मला, चानफेंगला, कळवावं, पण फळी दारावरून काढू नये.

"आई, हे काय?" सोमफूचे कान लाल झाले.

वस्तीचे प्रमुख खोकले. "असं कलम कधी बघितलं नाही बुवा."

आनूसित ते वाचून हसला, आणि त्यानं खाली सही केली. मीही सही केली, पूर्ण नाव, अंगठा नाही.

२०१०च्या जानेवारीत मी विमानतळाकडे राहायला गेले. पंखा होता, नळ होता. नातवंडं होती. सूनबाई चांगली होती, मला काही काम करू देत नव्हती, तोच त्रास. पहाटे चारला जाग यायची आणि मी भात शिजत घालायची. मग आठवायचं, इथून भिक्खू जात नाहीत. मी रस्त्यापर्यंत जायची, परत यायची. विमान उतरलं की बुनथानताईचं बोलणं आठवायचं. वानथोंग दोन घरं पलीकडे राहायची. आम्ही दोघी संध्याकाळी पायरीवर बसायचो आणि बोलायला काही नसायचं. गल्लीत आम्ही रोज भांडायचो.

आनूसितनं शब्द पाळला. माझं आणि वानथोंगचं घर जोडून त्यानं एक मोठं घर केलं, माझं दार तसंच ठेवलं, आणि फळी आली की कालवण पाठवायचा. पहिल्यांदा पाव, तळलेली अंडी आणि मुरंबा पाठवला. थित सिंगनं येऊन मला सांगितलं. "बुनथानताई विहारात ओरडली, भन्तेंना पाव! भन्तेंनी पाव मुरंब्यात बुडवून खाल्ला आणि म्हणाले, जे पात्रात पडलं ते अन्न. श्रामणेरांनी तर डबा चाटला."

मग जूनमध्ये पाऊस आला, पाहुणे आटले, स्वयंपाकी सुट्टीवर गेला. एके दिवशी फळी बंद दाराला लटकत राहिली. आनूसितचा फोन आला, लाजत लाजत. मी कालवण केलं आणि सोमफूच्या मोटरसायकलवर मागे बसून, पातेलं मांडीत धरून, पाच किलोमीटर आले. पुढे तसंच चाललं. पाहुणे असले की तो, नसले की मी. मी गल्लीत आले की बुनथानताई आत जायची. दार लावायची नाही, फक्त आत जायची. मी तिच्या पायरीवर कधी केळी ठेवली, कधी शेंगा. दुसऱ्या वेळी येईपर्यंत त्या तिथून गेलेल्या असायच्या. थित सिंग म्हणायचा, "खाते ती. माझ्यादेखत खाते आणि मला सांगते, सांगू नकोस."

असे चौदा महिने गेले.

मार्चमधल्या एका सकाळी आनूसितचा फोन आला. डोंगरातली शेतं जाळायचे दिवस होते, घरातही धूर होता.

"मावशी, आज बुनथान आजींची पाळी होती ना? त्या आत्ता येऊन फळी तुमच्या दाराला लावून गेल्या. भिंतीला धरून धरून आल्या.  जाताना एवढंच म्हणाल्या, चानला सांग."

मी कुणाला काही न सांगता चुलीवर पातेलं ठेवलं. कोंबडी होती घरात, बांबूचे कोंब होते. हात चालत होते आणि मी दर मिनिटाला घड्याळाकडे बघत होते. सूनबाईनं मीठ घातलं की मी, ते कळलं नाही. ठोकळा वाजला तेव्हा मी अजून पोस्टाच्या वळणावर होते. सोमफू जोरात चालवत होता आणि रस्सा माझ्या लुगड्यावर सांडत होता. विहारात पोचले, कालवण दिलं, आशीर्वादासाठी थांबले नाही. एक वाडगा वेगळा काढला होता, तो घेऊन समोर गेले.

ती खाटेवर पडली होती. थित सिंग उशाशी बसला होता, टॉवेलनं वारा घालत. मी चमच्यानं थोडा रस्सा तिच्या ओठाला लावला.

तिनं तो तोंडात घोळवला. "मीठ कमी आहे," ती म्हणाली.

"बरं ताई. पुढच्या वेळी."

"पोरांनी खाल्लं?"

"खाल्लं."

"किती वाजता?"

"अकराला."

 माझा हात तिच्या हाताखाली होता, तो मी तसाच राहू दिला.

तिचं घर पुतण्यानं एका कॉफीवाल्याला दिलं. त्यानं फळी घ्यायला नकार दिला, तो मूळचा दुसऱ्या गावचा. मोठ्या भन्तेंनी पाच श्रामणेर खान नदीपलीकडच्या विहारात पाठवले आणि तीन ठेवले. कमी तोंडं, कमी कालवण, असं ते म्हणाले. फळी आता थित सिंगच्या दाराला आणि माझ्या जुन्या दाराला अशी फिरते. पाऊस असला की मी जाते. मीठ मी आता दोनदा चाखते.

बुनथानताई सोमवारी, १४ मार्च २०११ रोजी दुपारी तीनच्या सुमारास वारली. तिचं वय एक्क्याऐंशी होतं.